चौथ्या आठवड्यातली वाट

प्रज्ञा बर्गे खाली बसल्या तेव्हा मैदानावरच्या मुलींना वाटलं, मॅडम काहीतरी नवीन करून दाखवताहेत. डावा खांदा टार्गेटकडे, हनुवटी डाव्या खांद्यावर, दोरी ओढून गालाशी आणलेली, अशा पवित्र्यात त्या नेहमी बराच वेळ स्थिर उभ्या राहत आणि कुठला स्नायू काय करतोय ते मुलींना समजावत. त्या दिवशी बोलता बोलता त्यांचा आवाज थांबला, गुडघे वाकले आणि धनुष्य हातात असतानाच त्या गवतावर टेकल्या. डोळे उघडे होते. जग एका बाजूनं मिटत गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मान सरळ होताच दोन-चार श्वासांत सगळं परत आलं. पित्त झालंय, असं म्हणून त्या उठल्या आणि पुढचा सराव त्यांनी खुर्चीत बसून घेतला. पण मोठ्या मुलींपैकी एकीनं ईश्वरीला फोन केलाच. मॅडमना असं पहिल्यांदा झालेलं नाही, हेही ईश्वरीला त्याच फोनवर कळलं.

ईश्वरी ही प्रज्ञाताईंची एकुलती एक मुलगी. ती शाळेत असतानाच वडील गेले, तेव्हापासून साताऱ्याच्या घरात दोघीच. प्रज्ञाताई एके काळी देशाच्या संघातून खेळलेल्या, आता माहुलीच्या रस्त्याला त्यांचं धनुर्विद्येचं केंद्र होतं. ईश्वरीनं धनुष्य कधी मनापासून हातात धरलं नाही. ती कराडच्या एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय कोडर झाली.

प्रत्येक आजाराला, दुखापतीला, अगदी नुसत्या तक्रारीलाही एक सांकेतिक नाव असतं, एक अक्षर आणि पुढे काही आकडे. पूर्वी डॉक्टर निदान करत, मग कोणीतरी कागद वाचून कोड लावत, आणि तो आकडेवारीला नाहीतर विम्याला उपयोगी पडे. ईश्वरी या कामात आली तोवर क्रम उलटला होता. यंत्र तपासणी वाचून थेट कोड देई, आणि कोड पडला की पुढचं सगळं आपोआप सुरू होई. ऑपरेशनची तारीख लागे, विम्याची मंजुरी येई, गाडी चालवायच्या परवान्यावर बंदीसुद्धा येई. लोकांना आजाराचं नाव आठवत नसे, कोड पाठ असे. माणसाची सही मात्र कायद्यानं शिल्लक ठेवली होती. यंत्रानं दिलेला कोड पाहून बरोबर म्हणणारा शेवटचा माणूस म्हणजे कोडर. ईश्वरीला तिच्या कामाचा अभिमान होता. यंत्र फार क्वचित चुकायचं, आणि ते चुकलं की पकडणाऱ्यांत तिचं नाव पुढे असायचं.

तिनं आईला नादपट्टा बांधायला लावला. मऊ रबरासारखा हा पट्टा मफलरसारखा गळ्याभोवती बसतो. त्याच्यात तिळाएवढे हजारो स्फटिक असतात. ते कानाला न ऐकू येणारा आवाज मानेत सोडतात आणि रक्तावरून उलटून येणारा प्रतिध्वनी ऐकतात. धावणाऱ्या रक्तावरून परतलेल्या आवाजाची पट्टी किंचित बदलते. त्या बदलातून यंत्र प्रत्येक धमनीचं, प्रत्येक क्षणाचं चित्र उभं करतं. पट्टा काही दिवस घालून माणसानं नेहमीसारखं राहायचं, मान वळवायची, झोपायचं, काम करायचं.

निकाल आला तो ईश्वरीच्याच विभागात. नाव दिसताच तिनं फाइल बाजूला केली आणि सहकाऱ्याकडे दिली, कारण घरच्या माणसाच्या कोडवर सही करायची नाही असा नियम होता. पण कोड काय पडलाय ते तिला दिसलं होतं. मान वळवल्यावर मणक्यांमधल्या धमनीवर येणारा दाब. जुन्या वर्गीकरणात हा आजार मणक्यांच्या झिजेबरोबर नोंदवलेला असायचा आणि निम्मे रुग्ण ‘चक्कर, कारण अनिश्चित’ या कोडखाली आयुष्य काढायचे. नव्या वर्गीकरणात त्याला स्वतःची जागा मिळाली होती, आणि स्वतःचा हुकूमही.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या चार. दोन गळ्याच्या पुढच्या अंगानं जातात, त्यांचे ठोके बोटाला लागतात. दोन मागून, मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांमधून, माळेतल्या दोऱ्यासारख्या वर चढतात. आपण मान वळवतो तेव्हा जवळजवळ निम्मं वळण सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये घडतं. तिथे धमनी ताणली जाते. बहुतेकांचं काही बिघडत नाही, एक बाजू दबली तरी दुसरी काम भागवते. प्रज्ञाताईंची डावी मागची धमनी जन्मापासून केसासारखी बारीक होती. मेंदूच्या मागच्या भागाचा, म्हणजे दृष्टीचा, तोलाचा, श्वासाचा सगळा भार एकट्या उजवीवर. आणि मान डावीकडे वळवली की नेमकी उजवीच मिटत होती. तीस वर्षं बाण सोडताना त्यांनी हेच केलं होतं.

उपाय एकच होता. वरचे दोन मणके स्क्रूनं एकमेकांना जखडून टाकायचे. मग मान खांद्यापर्यंत वळणार नाही आणि धमनी दबणार नाही.

ईश्वरीनं हे आईला स्वयंपाकघरात सांगितलं. प्रज्ञाताईंनी गॅस बंद केला, सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग त्या हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या.

“नुसती चक्कर असा कोड असतो ना?” त्यांनी विचारलं. “तो टाकता नाही येणार?”

ईश्वरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. आईनं आयुष्यात कुणाकडे सवलत मागितली नव्हती. ती म्हणाली की तो कोड खोटा ठरेल, आणि खोट्या कोडवर आई एखाद्या दिवशी मैदानात कोसळेल आणि उठणार नाही. प्रज्ञाताई म्हणाल्या की त्या उभ्यानं कोसळायला तयार आहेत. ईश्वरी म्हणाली, “मी तयार नाही.” त्यानंतर दोघी जेवल्या, भांडी आवरली, पण बोलणं झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस घरात फक्त कामापुरते शब्द राहिले.

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. तोवर पट्टा गळ्यात ठेवायचा होता. एका रविवारी सकाळी प्रज्ञाताई टॅबलेट घेऊन मुलीच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना स्वतःचं रक्त बघायचंय. जे बंद करायचंय ते एकदा नजरेखालून घालावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ईश्वरीनं चित्र उघडलं. नेहमीचं, यंत्रानं साफसूफ करून दिलेलं चित्र न उघडता तिनं मूळ, कच्चं चित्र उघडलं, कारण त्यात रक्ताची हालचाल जास्त जिवंत दिसते. काळ्या पडद्यावर चार तांबूस प्रवाह वर चढत होते आणि प्रत्येक ठोक्याला उजळत होते. प्रज्ञाताई बघतच राहिल्या. आपल्या आत इतकी वर्दळ चालू आहे आणि आवाज म्हणून येत नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

मग त्यांनी मान डावीकडे वळवायला सुरुवात केली. ईश्वरी नको म्हणाली. पण त्या फार सावकाश वळवत होत्या. बाण सोडण्याआधीचा लांब, खालपर्यंत जाणारा श्वास घेत, त्या श्वासाच्या गतीनं. पडद्यावर उजवा मागचा प्रवाह बारीक झाला, अजून बारीक झाला आणि तुटला. ईश्वरीनं आईचा दंड धरला.

काही झालं नाही. हनुवटी खांद्यावर टेकलेली, डोळे स्वच्छ, आई श्वास घेत होती. आणि पडद्यावर मेंदूचा मागचा भाग विझला नव्हता. पुढच्या धमनीपासून कवटीच्या बुडाशी एक बारीक, वेडीवाकडी रेघ मागच्या बाजूला गेली होती. काही क्षणांपूर्वी ती तिथे नव्हती. प्रत्येक ठोक्याला ती थोडी थोडी उजळत होती.

ईश्वरीनं साफ केलेलं चित्र शेजारी उघडून पाहिलं. त्यात ती रेघ नव्हती. यंत्रानं तिला प्रतिमेतला दोष समजून पुसून टाकलं होतं.

प्रज्ञाताईंनी सांगितलं की पहिल्या चक्करेनंतर त्या घाईनं मान वळवतच नव्हत्या. हळू वळवलं तर निभतं, हे त्यांना समजलं होतं, आणि कित्येक महिने त्या रोज सकाळी तसा सराव करत होत्या. मैदानावर कोसळल्या त्या दिवशी एका मुलीनं हाक मारली, त्यांनी तिकडे पाहिलं आणि परत टार्गेटकडे वळताना मान झटक्यात गेली, म्हणून. हे आधी का सांगितलं नाही, असं ईश्वरीनं विचारलं. त्या म्हणाल्या, तू विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी ते कच्चं चित्र घेऊन डॉ. यास्मिन मुल्लांकडे गेली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात त्यांनी उमेदीची सारी वर्षं घालवली होती, आणि प्रज्ञाताईंचं ऑपरेशन त्याच करणार होत्या. ही रेघ म्हणजे पट्ट्याचा बिघाड आहे का, एवढंच ईश्वरीला विचारायचं होतं. डॉ. मुल्लांनी चित्र एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

“हे मी पुस्तकात पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “गर्भाच्या चित्रांत.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. काळीज नुकतंच धडधडायला लागलेलं असतं. मानेतल्या मागच्या दोन धमन्या तेव्हा जन्मालाच आलेल्या नसतात, पण मेंदूच्या मागच्या भागाला रक्त तर हवं. मग पुढच्या धमन्यांपासून मागे जाणारे दोन-तीन छोटे पूल तयार होतात. त्यांच्यावर तो मेंदू जेमतेम आठवडाभर जगतो. मागच्या धमन्या तयार झाल्या की पूल आक्रसतात, नाहीसे होतात. हजारांत एखाद्याच्या बाबतीत एखादा पूल आयुष्यभर राहून जातो, हे वैद्यकाला माहीत होतं. पण नाहीसा झालेला पूल पन्नाशीत पुन्हा उघडतो, हे कुणाला माहीत नव्हतं. आणि तो नाहीसा झालाच नसेल, दोऱ्यासारखा मिटून तिथेच पडून राहिला असेल, असा विचारही कुणी केला नव्हता.

“तुझ्या आईच्या मेंदूला ती वाट आठवली,” डॉ. मुल्ला म्हणाल्या. मग स्वतःच्याच बोलण्यावर जरा ओशाळल्या, कारण त्या अशा भाषेत बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी शेजारच्या विभागातल्या दोन डॉक्टरांना बोलावलं. चौघंही पडद्यासमोर उभी राहिली. 

पण तारीख ठरलेली होती आणि कोड पडलेला होता. कोड चूक नव्हता. धमनी खरोखरच दबत होती. फक्त त्या रेघेसाठी अख्ख्या वर्गीकरणात एकही जागा नव्हती. हुकूम थांबवायचा तर एकच रस्ता होता. ‘वर्गीकरणाबाहेर’ असा शेरा. तो पडला की यंत्र हात काढून घेतं, विमा हात काढून घेतो, आणि पुढे जे होईल ते डॉक्टर, रुग्ण आणि जवळचा नातेवाईक या तिघांच्या सहीनं होतं. हा शेरा ईश्वरीनं तिच्या नोकरीत कधी पाहिला नव्हता.

डॉ. मुल्लांनी दोघी मायलेकींना समोर बसवून काहीही न लपवता सांगितलं. ती वाट रुंदावेल, नाहीतर एखाद्या दिवशी मिटेल. तिच्या भिंती किती मजबूत आहेत ते कुणालाच माहीत नाही. मान वळलेली असताना ती मिटली तर पक्षाघात होईल, कदाचित त्याहून वाईट. ऑपरेशन सुरक्षित आहे. प्रज्ञाताईंच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे डॉ. मुल्लांनाही सांगता येत नव्हतं.

प्रज्ञाताईंनी लगेच सही केली. ईश्वरीनं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. थोड्या वेळानं प्रज्ञाताई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“तू नाही म्हणालीस तर मी ऑपरेशन करून घेईन,” त्या म्हणाल्या. “रागावणार नाही. माझ्यामागं तुला दुसरं कोणी नाही, हे मला कळतं.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की. पण ते बघितल्यापासून मला वेगळंच वाटतंय. माझ्या आत कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी करतंय, मला न विचारता. आणि त्याला मध्येच स्क्रू मारायचे, हे माझ्यानं होईना.”

ईश्वरीनं आतापर्यंत हजारो माणसांच्या धमन्या पाहिल्या होत्या आणि प्रत्येकासमोर एक कोड ठेवला होता. आईच्या धमनीसमोर तिच्याकडे एकही शब्द नव्हता. ती आत गेली आणि तिनं सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

नंतरचे महिने तिच्यासाठी कठीण गेले. आई पट्टा घालून सकाळी अंगणात उभी राही, हातात धनुष्य नसताना, आणि श्वासाबरोबर मान वळवी. ईश्वरी पडद्यावर रेघ बघत बसे. काही दिवस रेघ फिकी असायची, तेव्हा ती कामावर जायची नाही. एकदा प्रज्ञाताईंना अर्धं दिसेनासं झालं आणि भिंतीला धरून खाली बसावं लागलं. त्या संध्याकाळी ईश्वरी डॉ. मुल्लांना फोनवर म्हणाली की तिनं चूक केली. डॉ. मुल्लांनी तिला समजावलं नाही. सराव अजून हळू करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः साताऱ्याला आल्या.

हळूहळू रेघ जाड होत गेली. पावसाळा संपता संपता ती मान सरळ असतानाही दिसू लागली. मग ती वेडीवाकडी राहिली नाही. पाचवा प्रवाह असल्यासारखी शांतपणे ठोक्याबरोबर उजळू लागली. प्रज्ञाताईंनी पुन्हा धनुष्य उचललं, आणि पहिला बाण टार्गेटच्या बाहेर गवतात गेला. मुली हसल्या, त्याही हसल्या.

डॉ. मुल्लांचा पुढचा प्रश्न साधा होता. हे एकट्या प्रज्ञा बर्गेंनाच होतं का? त्यांनी परवानगी काढून देशभरातल्या रुग्णालयांकडून हाच कोड पडलेल्या माणसांची कच्ची चित्रं मागवली आणि ती पाहायचं काम ईश्वरीकडे दिलं. यंत्रानं जिथे जिथे दोष समजून काही पुसलं होतं, तिथे तिनं बघायचं.

पहिली चित्रं कोरी निघाली. मग सोलापूरच्या एका विणकराच्या मानेत तिला ती रेघ सापडली, तुटक, पण कवटीच्या बुडाशी, त्याच जागी. मग गुवाहाटीच्या एका शिक्षिकेच्या. मग एका क्रेन चालवणाऱ्याच्या, एका कथक शिकवणाऱ्या बाईंच्या. ज्यांची धमनी वर्षानुवर्षं हळूहळू दबत आली होती, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या मेंदूनं ती वाट चाचपडायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक ठिकाणी यंत्रानं ती पुसली होती. सगळ्यांच्या बाबतीत असं नव्हतं. काहींच्या मानेत काहीच जागं होत नव्हतं, त्यांना ऑपरेशनच लागत होतं, आणि त्यांना ते सांगण्याचं काम डॉ. मुल्ला स्वतः करत. पण बाकीच्यांना प्रज्ञाताईंचा सराव शिकवला जाऊ लागला, पट्टा बांधून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. विणकर परत मागावर बसला. त्यानं ईश्वरीला फोन करून सांगितलं की मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा आता त्याला दोन्ही टोकांपर्यंत बघता येतो.

वर्गीकरणाच्या समितीनं नवा कोड मंजूर केला. त्याच्यापुढची एका ओळीची व्याख्या लिहायचं काम ईश्वरीकडे आलं. तिनं नेहमीच्या कोरड्या भाषेत ती लिहिली, कारण व्याख्या कोरडीच हवी. 

समितीला आता निरोगी माणसांची चित्रंही हवी होती, तुलनेसाठी. ईश्वरीनं स्वतःच पट्टा घातला. घरी, अंगणात, सकाळच्या उन्हात. प्रज्ञाताई शेजारी टॅबलेट धरून बसल्या होत्या. आता त्यांना ते चित्र चांगलं वाचता येत होतं. ईश्वरीच्या चारही धमन्या धडधाकट होत्या. दबलेलं, ताणलेलं काही नव्हतं. प्रज्ञाताईंनी पडद्यावर दोन बोटं टेकवून चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं, कवटीच्या बुडापर्यंत. मग त्या थांबल्या आणि त्यांनी टॅबलेट मुलीकडे वळवला.

तिथे एक रेघ होती. रक्ताची नव्हे, मिटलेल्या भिंतीची, कोळ्याच्या धाग्यासारखी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटलेली. पट्ट्यानं अगदी पुसट टिपलेली.

“ही तुझ्यातही आहे,” प्रज्ञाताई म्हणाल्या.

ईश्वरीनं सांगितलं की ती रेघ तिथे चौथ्या आठवड्यापासून आहे. मेंदूला तिच्यावाचून जगता येत नव्हतं, तेव्हाची.

“म्हणजे माझ्या पोटात?”

“हो. तेव्हा तुला माहीतही नसेल, मी आहे म्हणून.”

प्रज्ञाताई आठवू लागल्या. चौथा आठवडा म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबरात त्या पुण्याला शिबिरात होत्या. डॉक्टरांकडे त्या डिसेंबर उलटल्यावर गेल्या होत्या. त्यांनी पडद्यावरच्या त्या धाग्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं.

“त्या दिवसांत मी रोज सकाळ-संध्याकाळ बाण मारत होते,” त्या म्हणाल्या. “आणि इकडं हे चाललं होतं.”